रिकॉम्बिनंट प्रोटिनेज के म्हणून पाणी विकलं, १,१३,९८० रुपये गेले

८६,००० रुपये एन्झाइमचे, १५,४८० जीएसटीचे आणि वर १२,५०० ‘कोल्ड चेन डिपॉझिट’, जे माल पोचल्यावर परत मिळणार होतं. एकूण १,१३,९८०. पुण्यात छोटी लॅब चालवणाऱ्यांनी हे वाचाच, कारण ही माणसं अजून फोन करतायत. ओळखीच्या एका लॅबला नुकतंच तेच कोटेशन आलं, फक्त कंपनीचं नाव बदललेलं.

आमची लॅब पाषाणला. संशोधकांनी दिलेल्या ऊतींच्या नमुन्यांतून डीएनए काढून देणं हे मुख्य काम, आणि नमुन्यातली प्रथिनं तोडायला प्रोटिनेज के लागतंच. आम्ही रिकॉम्बिनंटच वापरतो, म्हणजे जनुक दुसऱ्या सूक्ष्मजीवात घालून बनवलेलं. मूळ एन्झाइम ट्रिटिरॅशियम आल्बम या बुरशीपासून काढतात. ते नीट शुद्ध केलेलं नसेल तर बुरशीचा डीएनए सोबत येतो, आणि बुरशीवर काम करणाऱ्याच्या पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीत) तो उमटला की सगळ्या निकालांवर पाणी. पिचिया यीस्टमध्ये बनवलेल्या एन्झाइमला ही भीती बरीच कमी.

नेहमीचा पुरवठादार २० मिलिच्या बाटलीला १४,९०० घेतो, आणि माल बाहेरून यायचा म्हणून सहा आठवडे सांगतो. यांनी ८,६०० सांगितले. दहा बाटल्या, रेडी स्टॉक, पैसे आधी. महिना मार्चचा. ३१ तारखेच्या आत बिल लागलं नाही तर ग्रँट लॅप्स. ‘शंभर टक्के अ‍ॅडव्हान्स दिलाच कसा’ असं विचारणाऱ्यांनी एकदा मार्चमध्ये लॅबची खरेदी करून बघावी.

त्यांची प्रोफॉर्मा, म्हणजे पैसे घेण्याआधी पाठवलेलं कच्चं बिल, अजून माझ्या टेबलावर आहे आणि दर वेळी ती बघून डोकं तापतं. पत्ता पिंपरी-चिंचवडच्या बाजूच्या एमआयडीसीतला. जीएसटी नंबर मात्र ०७ ने सुरू होतो. महाराष्ट्राचा कोड २७, ०७ म्हणजे दिल्ली. दिल्लीहून इकडे माल विकला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर लागतो. यांनी राज्यातल्या राज्यात विकल्यासारखा ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी लावलेला. नाव प्रायव्हेट लिमिटेड, पण जीएसटी नंबरात पॅनही असतो, आणि यांच्या नंबरातलं सहावं अक्षर पी, म्हणजे पॅन एका व्यक्तीचा. कंपनीचा असता तर तिथे सी असता. सगळं त्या एका ओळीत होतं! आणि ते ०७ मला दिसलं होतं. मी फोन करून विचारलंसुद्धा. “मॅडम, तो हेड ऑफिसचा नंबर आहे. पुणे ब्रँचचं रजिस्ट्रेशन अपडेट होतंय, फायनल बिलावर २७ चा येईल.” मग मी विचारलं, एक्स्प्रेशन होस्ट कोणता, म्हणजे एन्झाइम कोणत्या जीवात बनवलंय? क्षणही न थांबता म्हणाला, “पिचिया, मॅडम. अ‍ॅनिमल-फ्री.” इतकं नेमकं उत्तर देणाऱ्यावर कोण संशय घेईल? मी पैसे पाठवले. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता कुठलाही नंबर तपासता येतो. सगळे पैसे गेल्यावर तपासला, तर तो रद्द झालेला.

डिपॉझिटचा फोन नंतर आला. माल ट्रान्सपोर्टमध्ये अडकलाय, ड्राय आइस संपेल, एन्झाइम खराब होईल. एक लाख अडकलेला माणूस अशा वेळी साडेबारा हजार भरतोच. परत मिळणारं डिपॉझिट मागणारा पुरवठादार दिसला की तिथेच थांबा.

थर्माकोलचा डबा आला. लेबलं, लॉट नंबर, सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला), काही म्हणजे काही कमी नाही. सीओएवर लिहिलेलं: २० मिलिग्रॅम प्रति मिलि, ५० टक्के ग्लिसरॉल. एक बाटली लगेच कामाला घेतली, उरलेल्या उणे २० च्या फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी त्या गोठून दगड झालेल्या. पन्नास टक्के ग्लिसरॉल उणे २० ला गोठत नाही, बाटली तिरकी केली की द्रव हलतो. सीओएचा कागद कोणीही छापतं, आधी हे बघा. तोवर एका पीएचडी करणाऱ्या मुलीचे पॅराफिन ब्लॉकमधले नमुने रात्रभर ५६ अंशांवर ठेवून झाले होते. सकाळी ऊतींचे तुकडे ट्यूबमध्ये होते तसेच. मग स्किम्ड दुधाच्या अगार प्लेटवर दोन थेंब टाकले, एक आमच्या जुन्या बाटलीतला, एक यांचा. जुन्याभोवती दुधातलं प्रथिन तुटून स्वच्छ गोल पडला, यांच्याभोवती काहीच नाही. नवीन लॉट आला की ही प्लेट लावल्याशिवाय नमुन्याला हात लावू नका, खर्च नगण्य आहे. त्या मुलीच्या बायोप्सी पुन्हा मिळणार नाहीत, आणि तो तोटा वरच्या आकड्यात धरलेला नाही.

आता पोलीस. “माल मिळालाय ना तुम्हाला? मग क्वालिटीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा.” मी प्लेटचे फोटो दाखवले. “हे औषध आहे का?” नाही, संशोधनाचं रसायन आहे. “मग आम्ही काय करणार? बाटलीत काय आहे ते सरकारी लॅबकडून लिहून आणा.” खोटा पत्ता, रद्द झालेला जीएसटी नंबर, हा क्वालिटीचा वाद? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? वर हद्दीचा घोळ. आमची लॅब एका ठाण्याच्या हद्दीत, तो पत्ता दुसऱ्या. इकडचे म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात पैसे जिथून गेले तिथे जा. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात होणारी नोंद, म्हटल्यावर अंमलदार हसला. त्या पत्त्यावर आमचा माणूस स्वतः जाऊन आला, तिथे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ठाण्यातून कोणी तेवढंही केलं नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, बँकेचं स्टेटमेंट आणा. ग्राहक आयोगात जा म्हणून सुचवणारेही भेटले, पण व्यावसायिक वापरासाठी माल घेणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सहसा ग्राहक मानत नाही. १५,४८० रुपयांचं जीएसटी क्रेडिटही (आपल्या करातून मिळणारी वजावट) गेलं. कर भरलेला मी, आणि भुर्दंडही मलाच!

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती अडवता येते. आमच्या बाबतीत ते कळेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. ठाण्यात नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. मी पाठवली आहे. आणि ०७ चा नंबर, पुण्याचा पत्ता, ८,६०० चा दर अशी प्रोफॉर्मा तुमच्याकडे आली असेल, तर फाडून टाकू नका. पैसे दिले नसले तरी तुमच्या ठाण्यात लेखी द्या. दुसऱ्या लॅबची तक्रार आली की मग याला क्वालिटीचा वाद म्हणता येणार नाही.