नऊ वर्षं रिकामी ठेवलेली दाढ आणि दोन क्लिनिक

दोन्ही क्लिनिकची नावं टाकत नाहीये, इम्प्लांटच्या (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) ट्रीटमेंटचा रिव्ह्यू समजा. मी डोंबिवलीची, वय 44. खालची उजवीकडची मोठी दाढ 9 वर्षांपूर्वी काढावी लागली, रूट कॅनल करून पण फुटली होती, तेव्हा मुलगी लहान, नंतर बसवू नंतर बसवू करत राहूनच गेलं. मागची दाढ कुणाला दिसते!

गेल्या वर्षी तिथे अन्न अडकायला लागलं. मेथीची काडी, पोह्यातला शेंगदाणा, जेवण झालं की रोज मी बेसिनसमोर टूथपिक घेऊन उभी. हिरडी सुजली तेव्हा कुठे गेले. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) काढला, बघते तर मागची दाढ रिकाम्या जागेत पार कलंडलेली, एसटीत शेजारचा माणूस झोपेत खांद्यावर पडतो ना, डिट्टो तसं. आणि वरची दाढ, तिला टेकायला खाली काही उरलंच नव्हतं, ती चांगली खाली उतरलेली.

पहिल्या क्लिनिकवाल्यांनी पाच मिनिटांत ब्रिज सांगितला. पुढचा दात आणि मागची दाढ घासायची, तीन कॅपा एकत्र बसवायच्या, आठ-दहा दिवसांत मोकळ्या. मी म्हटलं दाढ तर तिरकी आहे, कॅप बसेल कशी? तर म्हणे घासून सरळ करू, नसेपर्यंत गेलं तर रूट कॅनल करू. कारण ब्रिज एकाच दिशेने खाली बसतो, दोन्ही खांब समांतर लागतात, म्हणून तिरकी दाढ एका बाजूने जास्त घासावी लागते. पण माझ्या त्या दोन्ही दातांना साधी कीडही नाही हो! रिसेप्शनवर ॲडव्हान्स मागायला लागले तेव्हा म्हटलं मिस्टरांना विचारून सांगते, आणि निघाले (मिस्टरांना काय विचारायचंय, पण असं म्हटलं की लोक सोडतात).

दुसरं क्लिनिक ठाण्यातलं, तिथे तारा लावणाऱ्या मॅडम पण बसतात. त्यांनी आधी जागा मोजली. दोन दातांच्या मधे, वरच्या टोकाला फक्त 5 मिमी उरलेली. इम्प्लांटचा स्क्रू साधारण 4 मिमीचा आणि दोन्ही शेजाऱ्यांपासून दीड-दीड मिमी लांब ठेवायचा, म्हणजे 7 तरी हवेत. मग सांगितलं, एका दाताची काढघाल करायची कवळी, सगळ्यात स्वस्त. ब्रिज. नाहीतर दाढ सरळ करून इम्प्लांट. ब्रिज वाईट नाही म्हणाल्या, शेजारच्या दातांना आधीच कॅप असती तर मीच तो सांगितला असता. हे ऐकलं आणि तिथेच थांबले.

मग 44 व्या वर्षी तारा! फक्त खाली उजवीकडे, आणि मागे हाडात एक बारीक स्क्रू, त्याच्या जोरावर दाढ उभी करायची. 7 महिने गेले. दाढ उठायला लागली तशी तीच आधी वरच्या दाढेला लागायची, बाकी दात टेकायचेच नाहीत, दोन आठवडे नुसता मऊ भात आणि वरण. मग ती थोडी घासली, वरची उतरलेली पण थोडी घासली, ती मात्र घासावीच लागली.

इम्प्लांटच्या दिवशी दुखलं नाही खरंच, भूल देतात. पण शेवटी छोट्या पान्याने स्क्रू आवळतात तेव्हा तो कट कट आवाज डोक्यात वाजतो. भूल चढेपर्यंत डॉक्टरांनी गोष्ट सांगितली, स्वीडनमधल्या ब्रॅनमार्क नावाच्या संशोधकाने सशाच्या हाडात टायटॅनियमची वस्तू बसवलेली ती नंतर निघेचना, हाडाने धरून ठेवली, त्यातून हे निघालं आणि 1965 मध्ये पहिल्या पेशंटला बसवलं. माझ्या हाडाला धरायला साडेतीन महिने दिले, मग कॅप. पहिली कॅप उंच आली, लॅबला परत गेली.

आता तक्रार. इम्प्लांट 32 हजार सांगितलं, त्यात कॅप नाही आणि मधला जोडणारा तुकडा पण नाही हे नंतर कळलं, झाले 48. तारांचे 25 वेगळे. जाल तिथे आधीच विचारा, कॅप लागेपर्यंत टोटल किती. आणि 6 ची अपॉइंटमेंट असली की नंबर सव्वासातला, मग ठाणे स्टेशनची गर्दी. खर्च झेपणार नसेल तर मुंबई सेंट्रलला नायर डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, मला ऑफिसमुळे सकाळची ओपीडी जमली नाही एवढंच.

ट्रीटमेंटला 5, मॅडमना 5, रिसेप्शनला 2 स्टार. उजवीकडून चकली खाते आता. फक्त कॅपच्या बाजूने तो बारीक ब्रश रोज रात्री फिरवायला सांगितलाय, त्याचा जाम कंटाळा येतो.