एचडीडीएम : रुमाल आणि रेघ

दिवाळीत कराडला गेले तेव्हा आईला लॅपटॉपसमोर बसवलं. की-बोर्डच्या तीन बटणांवर तिच्याच पाकिटातल्या टिकल्या चिकटवल्या : लाल, हिरवी, निळी. पडद्यावर शब्द येणार, अक्षरं ज्या रंगाची असतील त्या रंगाची टिकली दाबायची. पहिला आक्षेप लगेच आला, "अगं, लाल काय? तांबडा लिही की." लिहिलं. आठ-दहा शब्द सुरळीत गेले. मग हिरव्या अक्षरांत 'तांबडा' आला. तिचं बोट हवेत थबकलं, तांबड्या टिकलीकडे झुकलं, मागे आलं आणि हिरवीवर पडलं. आयुष्यभर पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलेली बाई, समोरचा शब्द न वाचणं तिला जमणार कसं? "ही लबाडी आहे," म्हणाली. लबाडी खरीच, पण माझी नव्हे. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती 1935 साली छापून ठेवली आहे.

ते हवेत थबकलेलं बोट मोजणं हे माझं सध्याचं काम. मी मूळची संख्याशास्त्राची, मेंदूच्या वाटेला नोकरीमुळे लागले. गेले सहा महिने ज्या सॉफ्टवेअरवर दिवस काढले त्याबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप.

एचडीडीएम ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली फुकट मिळणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. थॉमस विकी, इमरी सोफर आणि मायकेल फ्रँक या तिघांनी अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात ती केली, 2013 मध्ये तिच्यावरचा लेख आला. आतलं इंजिन मात्र जुनं आहे, रॉजर रॅटक्लिफ यांचं 1978 सालचं ड्रिफ्ट डिफ्यूजन मॉडेल. हे मॉडेल मला कळलं ते रस्सीखेचीवरून. दोराच्या मध्यावर रुमाल बांधलेला, दोन्हीकडे जमिनीवर फक्कीची रेघ. रुमाल सरासरीने ज्या वेगाने एका बाजूला सरकतो तो ड्रिफ्ट रेट. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे थ्रेशोल्ड, म्हणजे माणूस किती सावध आहे ते. रुमाल सुरुवातीलाच एका बाजूला असेल तर तो कल. शिट्टी ऐकू येण्यात आणि शेवटी बटण दाबण्यात जाणारा वेळ वेगळा धरायचा. उत्तराला लागलेला वेळ आणि उत्तर बरोबर की चूक, एवढ्या दोनच गोष्टींवरून मॉडेल हे चारही आकडे काढून देतं.

याचा उपयोग काय, हे कळायला आमच्या क्षेत्रातलं एक भांडण माहीत हवं. दोन उत्तरं एकाच वेळी उसळून आली की कपाळामागे, दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर असलेला अँटिरियर सिंग्युलेट हा भाग स्कॅनरमध्ये जास्त सक्रिय दिसतो. 1998 मध्ये कार्टर आणि सहकाऱ्यांनी आणि 2001 मध्ये बॉटविनिक वगैरेंनी मांडलं की हा भाग अशा संघर्षावर पहारा ठेवतो. 2011 मध्ये ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी त्याला टाचणी लावली. संघर्षाच्या ट्रायलला, म्हणजे प्रयोगातल्या अशा एकेका प्रश्नाला, वेळ जास्त लागतो, आणि तिथलं सिग्नल नुसत्या वेळेबरोबरही वाढतं. त्यांनी लोकांना लुकलुकणाऱ्या बुद्धिबळाच्या पटाकडे फक्त बघत बसवलं. त्यात निवड नाही, संघर्ष नाही, तरी बघण्याचा वेळ वाढला तसं सिग्नल वाढलं. त्याच वर्षी युंग, कोहेन आणि बॉटविनिक यांचं खरमरीत उत्तर आलं. मी दोन्ही लेख एसटीत वाचले आणि दोघांचंही पटलं, म्हणजे पंचाईतच.

एचडीडीएमची खरी कमाई इथे आहे. सरासरी वेळ आणि सरासरी सिग्नल शेजारी शेजारी मांडून 'बघा, जुळतंय' म्हणायची गरज राहत नाही. प्रत्येक ट्रायलचं मेंदूतलं सिग्नल सरळ मॉडेलच्या आत घालता येतं : या ट्रायलचा थ्रेशोल्ड म्हणजे एक स्थिर आकडा, अधिक या ट्रायलच्या सिग्नलचा वाटा, आणि तो वाटा संघर्ष असताना वेगळा, नसताना वेगळा. एका ओळीचं सूत्र. उत्तर उशिरा आलं ते रुमाल रेंगाळला म्हणून, की रेघच लांब सरकली म्हणून, हा फरक विचारता येतो. स्टॉपवॉच हे कधीच सांगणार नाही.

सोबत सरावासाठी जो डेटा येतो तो आधी चालवून बघाच. तो कॅव्हनाह आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या कामातला, पार्किन्सनच्या 14 रुग्णांचा. त्यांच्या मेंदूत खोल, सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तारा बसवलेल्या होत्या. निवड अवघड असली की डोक्यावरून मोजलेल्या थीटा नावाच्या मेंदूच्या विद्युतलहरी वाढतात आणि त्याबरोबर थ्रेशोल्डही वर जातो, म्हणजे मेंदू 'जरा दम धर' म्हणतो. पण हे तारांमधला विद्युतप्रवाह बंद असताना. प्रवाह चालू केला की हे नातं उलटं होतं. तेच रुग्ण, तोच खेळ. पहिल्यांदा हे आलेख माझ्या पडद्यावर उमटले त्या रात्री जेवायचं राहिलं. कुणाच्या निष्कर्षावर विश्वास ठेवणं वेगळं आणि त्याचाच डेटा आपल्या हाताने दळून पीठ निघालेलं बघणं वेगळं.

मग मी स्वतःचं काम सुरू केलं. न्यूयॉर्क विद्यापीठाचा फ्लँकर या खेळाचा एफएमआरआय (मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या स्कॅनचा) डेटा सर्वांना खुला आहे. 26 निरोगी माणसं, मधला बाण कुठे वळलाय ते सांगायचं, आजूबाजूचे बाण दिशाभूल करणार. दोन ट्रायलमध्ये 8 ते 14 सेकंदांचं अंतर, त्यामुळे रक्तप्रवाहाचं संथ सिग्नल एकेका ट्रायलसाठी वेगळं काढता येतं. पण माणशी ट्रायल किती? 48. एकेकट्यावर मॉडेल बसवायचं तर हे फारच तुटपुंजं. एचडीडीएमच्या नावातला पहिला एच, म्हणजे 'हायरार्किकल' (श्रेणीबद्ध), इथे कामी येतो. सगळ्या माणसांचे आकडे एकाच वेळी काढले जातात आणि ज्याचा डेटा तोकडा त्याला गटाच्या सरासरीचा टेकू मिळतो. गावकीसारखंच : आधार मिळतो, पण थोडं गावासारखं वागावंही लागतं.

टेकू म्हणजे जादू नव्हे. बाण ओळखणं इतकं सोपं की चुका अगदी थोड्या होतात, आणि चुकाच नसतील तर ड्रिफ्ट आणि थ्रेशोल्ड वेगळे करायला मॉडेलच्या हाती उरतं काय? सिंग्युलेटच्या सिग्नलचा थ्रेशोल्डमधला वाटा किती, याच्या शक्यतांचा डोंगर शून्याच्या दोन्ही बाजूंना फतकल मारून बसला. तीन आठवड्यांचं काम आणि उत्तर 'सांगता येत नाही'. याचा दोष सॉफ्टवेअरला देणार नाही, उलट त्याने खोटा आत्मविश्वास दाखवला नाही.

सॉफ्टवेअरला दोष द्यायचा तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. मूळ एचडीडीएममध्ये एका ट्रायलभर रुमालाचा वेग एकच धरलेला असतो. फ्लँकरमध्ये तसं घडत नाही. आधी आजूबाजूचे बाण खेचतात, मग नजर मध्यावर एकवटते आणि खेच फिरते, म्हणून घाईची उत्तरं जास्त चुकतात. आईच्या बोटाने तरी दुसरं काय केलं? यासाठी वेगळी मॉडेल आहेत, व्हाइट, रॅटक्लिफ आणि स्टार्न्स यांचं 2011 चं आणि उलरिच आणि सहकाऱ्यांचं 2015 चं. संघर्षाच्या मेंदू-अभ्यासासाठी गाजलेलं साधन संघर्षाच्या सर्वांत नेहमीच्या खेळालाच नीट बसू नये, हे मला खटकतं. शिकवणीच्या पानांवर हे ठळक लिहायला हवं होतं.

इन्स्टॉलेशनबद्दल थोडक्यात : एचडीडीएम हे पायएमसी या संख्याशास्त्राच्या लायब्ररीच्या जुन्या 2 मालिकेवर उभं आहे, त्यामुळे नव्या पायथनवर बसवायला जाऊ नका. वेगळं जुनं एन्व्हायर्न्मेंट करा किंवा सगळं आधीच बसवलेली तयार डॉकर इमेज घ्या, तासाभराचं काम. माझा एक अख्खा शनिवार गेला तो माझ्याच वेंधळेपणामुळे. वेळ सेकंदांत द्यायची असते, मी मिलिसेकंदांत दिली. काही केल्या मॉडेलच्या गणिताच्या साखळ्या एका उत्तरावर स्थिरावेनात, मी प्रायर (आधीचे अंदाज) बदलतेय, बर्न-इन (सुरुवातीच्या टाकून द्यायच्या फेऱ्या) वाढवतेय. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या पोराने चहाचा कप हातात घेऊनच विचारलं, "ताई, हा माणूस बटण दाबायला 612 सेकंद कसा काय घेतोय?"

पाचपैकी साडेतीन तारे. रंग-ठिपके-बक्षीस अशा साध्या निवडीचा प्रयोग असेल, माणशी दोनेकशे ट्रायल आणि पुरेशा चुका असतील, तर डोळे झाकून घ्या. फ्लँकर, सायमन किंवा स्ट्रूप असा दिशाभुलीचा खेळ असेल तर आधी घाईच्या आणि सावकाश उत्तरांमधल्या चुका वेगवेगळ्या काढून बघा. घाईतच चुकांचा ढीग दिसला तर हे हत्यार तुमचं नव्हे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ब्राउनमध्येच तयार झालेलं एचएसएसएम हे नवं सॉफ्टवेअर बघावं, ते आजच्या पायएमसीवर चालतं आणि सूत्र लिहायची पद्धत बरीचशी ओळखीची वाटते. माझे जुने प्रकल्प अजून एचडीडीएमवर आहेत, ते तिथेच संपवणार. आईचे 96 ट्रायलही त्याच फोल्डरमध्ये पडलेत. एका माणसाला कुठला गट आणि कुठली गावकी, म्हणून चालवले नाहीत. लॅपटॉपवरची निळी टिकली मात्र अजून निघालेली नाही.