मुंबई-ठाण्याच्या हवेत सिगार ६५ टक्क्यांवर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ठाण्यात खाडीच्या जवळ राहत असाल आणि घरात सिगार ठेवायचे असतील, तर आर्द्रता ६५ टक्के ठेवा, आणि सिगार घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. अख्खा पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि थंडी पार पडल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. सिगार ओढणारे बहुतेक जण ‘७०-७०’चा नियम सांगतात: ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट. पहिला आकडा सगळ्यांना पाठ असतो, दुसरा विसरला जातो. ७० फॅरनहाइट म्हणजे २१ अंश सेल्सिअस. आमच्या हॉलमधलं कपाट मे महिन्यात ३१ अंशांवर असतं आणि भर जुलैतही २८ च्या खाली क्वचितच येतं.

मी दोन्ही सोयी शेजारी शेजारी वापरल्या. एक स्पॅनिश सिडर या सुवासिक लाकडाचं अस्तर असलेला छोटा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारं खोकं, त्यात बोव्हेडा कंपनीची ६९ ची, म्हणजे आर्द्रता ६९ टक्क्यांवर राखणारी पाकिटं. दुसरा रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके असलेला साधा प्लास्टिकचा डबा, त्यात ६५ ची पाकिटं आणि तळाला सिडरच्या पट्ट्या. एकाच खोक्यातले सिगार दोन्हींत वाटून ठेवले: पातळ कनेक्टिकट रॅपरचे (रॅपर म्हणजे सिगारवर गुंडाळलेलं सर्वात बाहेरचं पान) डॉमिनिकन रोबुस्टो, म्हणजे आखूड, जाडसर सिगार, आणि जाड, काळपट रॅपरचे निकाराग्वाचे माडुरो.

ही पाकिटं दोन्ही बाजूंनी काम करतात. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं आणि बाहेरच्या पडद्यातून फक्त वाफ ये-जा करते. डब्यातली हवा कोरडी पडली की पाकीट ओल सोडतं, दमट झाली की शोषून घेतं. ६० ग्रॅमचं एक पाकीट साधारण २५ सिगारांना पुरतं. आपल्याकडे पावसाळ्यात ते बहुतेक वेळ शोषण्याचंच काम करतं. लाकडी खोक्यातली पाकिटं ऑगस्टपर्यंत टम्म फुगली होती. प्लास्टिकच्या डब्यातली हाताला जवळपास पहिल्यासारखीच लागत होती. बाहेरची हवा आत किती शिरते, ते एवढ्यावरूनच कळतं.

आकड्यांबद्दल बोलायचं तर आधी आर्द्रता मोजणारा मीटर तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी टाकायचं. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते बूच आणि मीटर एका बंद डब्यात रात्रभर ठेवायचं. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, कारण संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा खोलीच्या तापमानाला तिथेच स्थिरावते. माझा मीटर ७१ दाखवत होता. म्हणजे तो जेव्हा ६५ म्हणतो तेव्हा आत ६९ असतं. रॅपर फाटेल की टिकेल, हे ठरवायला एवढा फरक पुरतो.

जुलैअखेर ६९ च्या खोक्यातला रोबुस्टो हातात घेतला तर स्पंजासारखा दबायचा. पेटवल्यावर धूर ओढायला जोर लागायचा, एक बाजू पुढे जळायची आणि दुसरी तशीच राहायची. एकदोनदा तर पेटत्या टोकापासून बोटाच्या पेरभर रॅपर उभा तडकला, कारण आतलं ओलं पान उष्णतेने फुगतं आणि वरचं पातळ पान त्याला जागा देत नाही. चवीत कडवटपणा यायचा आणि मध्येच पुन्हा पेटवावा लागायचा. ६५ च्या डब्यातला त्याच खोक्यातला सिगार दाबला की जेमतेम दबून परत उठायचा. जळण्याची कड सरळ, राख घट्ट आणि पान भाजल्याचा गोडसर वास शेवटापर्यंत टिकून. माडुरोत एवढा फरक पडला नाही; जाड पान पुष्कळ सोसतं. दिंडिगुलचे चिरूट असतील तर तेही ६५ मध्ये खुशाल ठेवा.

उष्ण प्रदेशासाठी बरेच जण एक गणित सांगतात: ३० अंशांच्या हवेत २० अंशांच्या हवेपेक्षा पावणेदोन पट पाणी मावतं, म्हणून टक्के त्याच प्रमाणात उतरवा आणि ४०-४५ वर ठेवा. हे ऐकू नका. तंबाखूचं पान किती ओल धरतं ते मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर, म्हणजे टक्क्यांवरच ठरतं. तापमान वाढल्याने त्यात थोडाच फरक पडतो. ४५ वर सिगार पापडासारखा कुडकुडीत होईल आणि त्यातली सुगंधी तेलं उडून जातील. टक्के थोडे खाली आणायचं कारण वेगळं आहे. ७५ च्या पुढे बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि उबेत ती भराभर वाढते. ७० वर ठेवलं तर झाकण दोन-चारदा उघडण्याने किंवा रात्री एसी लागून डब्याचा एक कोपरा थंड पडल्याने तेवढं सहज होतं. ६५ वर हाताशी दहा टक्क्यांची मोकळीक राहते.

किडीचा विचार मात्र तापमान धरूनच करावा लागतो. हळद-मिरचीत होणारा तो बारीक तपकिरी किडा तंबाखूलाही लागतो आणि आपल्या घरातल्या उबेत त्याची अंडी खुशाल फुटतात. टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं की समजायचं. म्हणून नवे सिगार मी दुहेरी झिप पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मगच डब्यात ठेवतो. थेट फ्रीजरमधून बाहेर काढले तर रॅपर तडकतो.

लाकडी खोकं दिसायला देखणं आहे, यात वाद नाही. स्पॅनिश सिडर नावाला सिडर असला तरी देवदाराच्या नव्हे, कडुनिंब-महोगनीच्या कुळातला. त्याचा वास सिगारात फार छान उतरतो. पण तो वास डब्यातल्या पट्ट्यांनीही मिळतो. पुण्यात परिस्थिती उलटी असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी तिथे बाहेरची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, त्यामुळे लाकडी खोकं वापरणाऱ्यांनी ६९ घेतलेलंच बरं. झाकणाच्या फटीतून जाणारी ओल भरून काढायला तेवढी लागते. बंद डबा असेल तर पुण्यातही ६५ चालेल.

६९ वरून ६५ वर यायचं असेल तर घाई करू नका. सिगारच्या गाभ्यातली ओल बाहेर यायला काही आठवडे लागतात. मीटर दोन दिवसांत ६५ दाखवतो, पण तो आकडा हवेचा असतो. शिवाय जुनी ६९ ची आणि नवी ६५ ची पाकिटं एकाच डब्यात ठेवायची नाहीत. एक ओल सोडत राहतं, दुसरं शोषत राहतं, आणि दोन्ही वेळेआधी वाया जातात.