दसऱ्याच्या सुमारास मालवणात जेवायचं तर

बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीतली ही घरगुती खानावळ. जावं ते पाऊस ओसरल्यावर, आश्विनात. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते खरी, पण दर्या निवळतो आत्ता, भातंही आत्ताच पिवळी पडतात. बांगड्याचं तिखलं मागवा. रस्सा दाट, अंगाबरोबर. तिरफळांची झिणझिणी जेवण संपलं तरी ओठांवर रेंगाळते. सोबत वाफाळता उकडा भात. सोलकढी मात्र पाणचट, नारळात हात आखडलेला. काकी स्वतः वाढतात, "घे गो बाय, पोटभर जेव," म्हणत नको म्हटलं तरी डाव ओततातच. पंखा नावाला, उकाडा सोसायची तयारी हवी. दुपारी उशीर केलात तर नुसती डाळ मिळेल.