पीएचपीचं ट्रेट: पावती-बिलांच्या सॉफ्टवेअरला कितपत उपयोगी?

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात व्यापाऱ्यांसाठी जे सॉफ्टवेअर बनतं, त्याचा गाभा बराचसा सारखा असतो. रावेर-सावद्याचा केळी व्यापारी असो, जिनिंगवाला असो, जळगावची डाळ मिल असो की नंदुरबारच्या मिरचीचा आडत्या, प्रत्येकाला पावती नंबर लागतो, रक्कम अक्षरी लिहावी लागते, रद्द केलेली पावतीही जपून ठेवावी लागते. क्लास, म्हणजे एका प्रकारच्या पावतीचा कोड एकत्र ठेवणारे साचे, मात्र वेगवेगळे असतात: केळी खरेदी, कापूस पावती, आडत पट्टी. तेच फंक्शन तीन ठिकाणी चिकटवलं की एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दोन ठिकाणी राहून जाते. यावर पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेने ५.४ आवृत्तीत, मार्च २०१२ मध्ये, ट्रेट दिलं. सोय उत्तम आहे, पैसे पडत नाहीत, वेगळं काही बसवावं लागत नाही. फक्त ती कुठे वापरायची हे कळलं पाहिजे, कारण नको तिथे वापरली तर ती त्रासही तेवढाच देते.

ट्रेट म्हणजे मेथड (क्लासमधली फंक्शनं) आणि प्रॉपर्टी (क्लासने जपलेली माहिती) यांचा गठ्ठा. त्याचा स्वतंत्र ऑब्जेक्ट, म्हणजे साच्यातून काढलेली प्रत्यक्ष पावती, बनत नाही. क्लासच्या आत यूज लिहून ट्रेटचं नाव दिलं की त्या मेथड त्याच क्लासमध्ये टाइप केल्यासारख्या वागतात. ट्रेटमध्ये सेल्फ लिहिलं तर त्याचा अर्थ वापरणारा क्लास, आणि त्या क्लासचे प्रायव्हेट मेंबरही ट्रेटला दिसतात. पीएचपीत एका क्लासला एकच पेरेंट (ज्याच्या मेथड वारशाने मिळतात तो क्लास) घेता येतो, ती जागा मोकळी राहते हा मोठा फायदा.

पेरेंट क्लासचा मार्ग सगळ्यांना आधी सुचतो: एक मूळ पावती क्लास करा, सगळं त्यात टाका. सुरुवातीला बरं वाटतं. मग कापसाची ओलावा कपात येते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा आधार धरतात आणि १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात करतात. हा हिशेब मूळ क्लासमध्ये गेला की केळीच्या पावतीलाही ओलाव्याची मेथड चिकटते. पुढे घडाच्या दांड्याची वजावट, मिरचीचं बारदान, हमाली, तोलाई. वर्षभरात त्या मूळ क्लासला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. ओलावा हे फक्त कापसाचं काम, ते कापसाच्या क्लासमध्येच राहू द्यावं. त्यासाठी ट्रेटही नको.

ट्रेटमध्ये काय टाकावं याची कसोटी सोपी आहे. फंक्शनला धिस, म्हणजे हातातला ऑब्जेक्ट, लागतं का ते बघा. ऑब्जेक्टची तारीख, नंबर, स्थिती यांना हात लावत असेल तर ट्रेट. नुसता आकडा घेऊन आकडा किंवा मजकूर परत देत असेल तर साधं फंक्शन पुरतं, त्याला क्लासचीही गरज नाही.

अक्षरी रक्कम घ्या. मराठीत १ ते ९९ पर्यंतचे शब्द नियमाने तयार होत नाहीत, म्हणून शंभर शब्दांचा तक्ताच ठेवावा लागतो. नंतर कोटी, लाख, हजार, शे असे तुकडे पाडायचे. चुका ठरलेल्या: १,००,०५० ला 'एक लाख शून्य हजार' छापून येतं, कारण शून्याचा तुकडा वगळलेला नसतो. नुसत्या १०० ला 'शंभर' आणि १०१ ला 'एकशे एक' ही वेगळी अट घालावी लागते. १५० ला बोलताना दीडशे म्हणतो, बिलावर एकशे पन्नास लिहावं. यात धिसचा कुठेच संबंध नाही. अशी फंक्शनं एका फाइलमध्ये ठेवावीत, ती फाइल कंपोझर या पीएचपीची पॅकेजेस सांभाळणाऱ्या टूलच्या ऑटोलोडमधल्या (फाइल आपोआप भरणाऱ्या भागातल्या) फाइल्स या यादीत द्यावी आणि कंपोझर डम्प-ऑटोलोड चालवावं. हे शेवटचं विसरलं की 'अनडिफाइन्ड फंक्शन' ठरलेलं.

रकमेचे स्वल्पविराम हेही असंच काम. पीएचपीचं नंबर-फॉरमॅट तीन-तीन आकड्यांचे गट करतं, त्यामुळे लाखांची मांडणी बिघडते. इंटल या पीएचपीच्या जोड-भागातला (एक्स्टेन्शनमधला) नंबरफॉरमॅटर मराठी लोकेलने, म्हणजे मराठी भाषेची मांडणी सांगून, १२,३४,५६७ असं देवनागरी आकड्यांत देतो. इंग्रजी आकडे हवे असतील तर भारतीय इंग्रजी लोकेल द्यावं. सर्व्हरवर इंटल चालू आहे का हे आधी बघावं, बऱ्याचदा ते बंद असतं. आणि रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नये. ०.१ आणि ०.७ ची बेरीज करून १० ने गुणून फ्लोअर (खालच्या पूर्णांकावर आणणारं फंक्शन) लावला तर पीएचपी ८ नाही, ७ देतं. रक्कम पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून ठेवावी, रुपये छापतानाच करावेत.

आता ट्रेट जिथे खरोखर शोभतं ते काम: पावती नंबर. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला असावा लागतो. तीन अक्षरांची खूण, रेघ, २५२६ असं वर्ष, रेघ आणि पाच आकडे मिळून १४ होतात. हौसेने खूण सहा अक्षरांची केली की १७, म्हणजे मर्यादेबाहेर. ट्रेटमध्ये वर्ष काढणारी आणि नंबर जोडणारी मेथड लिहायची, आणि खूण देणारी मेथड ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे नुसती जाहीर केलेली आणि आत काही न लिहिलेली, ठेवायची. मग प्रत्येक क्लासला आपली खूण द्यावीच लागते, नाही दिली तर क्लास लोडच होत नाही. ८.० पासून त्या ॲबस्ट्रॅक्ट मेथडची सहीही (ती काय घेते, काय परत देते) पीएचपी नीट तपासतं, म्हणजे कोणी स्ट्रिंगऐवजी पूर्णांक परत देणारी मेथड लिहिली तर लगेच पकडलं जातं. वर्ष काढताना आजची तारीख धरायची नाही, पावतीची धरायची. ३१ मार्चचा माल २ एप्रिलला नोंदवला तरी तो जुन्याच वर्षात पडला पाहिजे, आणि पावतीची तारीख ऑब्जेक्टकडेच असते, म्हणून हे काम ट्रेटचं.

लाराव्हेल हा पीएचपीचा तयार सांगाडा वापरणाऱ्यांनी इथे एक खड्डा ओळखून ठेवावा. रद्द पावतीसाठी सॉफ्टडिलीट्स हे तयार ट्रेट सगळेच लावतात. ते ओळ पुसत नाही, डिलीटेड-ॲट या रकान्यात वेळ टाकतं आणि नेहमीच्या क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) ती ओळ लपवतं. आता नंबरच्या ट्रेटमध्ये 'सगळ्यात मोठा नंबर अधिक एक' असं लिहिलेलं असेल आणि शेवटची १४२ नंबरची पावती रद्द झाली, तर क्वेरीला ती दिसत नाही आणि पुढची पावतीही १४२ निघते. युनिक इंडेक्स (तोच नंबर दोनदा न घेणारी अट) असेल तर एरर येतो, तो परवडला. नसेल तर एका नंबरच्या दोन पावत्या व्यापाऱ्याच्या फाइलला लागतात. दोन्ही ट्रेट आपापल्या जागी बरोबर आहेत, एकत्र आल्यावर घोळ होतो. रद्द ओळीही दाखवणारं विथ-ट्रॅश्ड लावून तो तात्पुरता सुटतो. पण कापसाच्या हंगामात दोन काउंटरवर एकाच क्षणी पावती निघाली तर मोठ्या नंबरची पद्धत तशीही फसते. खरा उपाय म्हणजे नंबरांचं वेगळं टेबल, खूण आणि वर्षाला एक ओळ, ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होईल नाहीतर मुळीच होणार नाही अशा कामात) लॉक-फॉर-अपडेट लावून, म्हणजे दुसऱ्या काउंटरला थांबवून, वाचायची आणि वाढवायची. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ते टेबल इनोडीबी या साठवणीच्या प्रकारातलं असलं पाहिजे, मायआयसॅम या जुन्या प्रकारावर हे लॉक लागत नाही.

ट्रेटचा सगळ्यात फसवा भाग म्हणजे प्राधान्य. क्लासची स्वतःची मेथड ट्रेटवर मात करते आणि ट्रेटची मेथड पेरेंटवर. एकूण नावाची मेथड पेरेंटमध्येही आहे आणि ट्रेटमध्येही, आणि कोणी पेरेंटमधली दुरुस्त केली, तर बिलात काहीच फरक पडत नाही. एरर नाही, इशारा नाही. म्हणून ट्रेटमधल्या मेथडला मोघम नाव देऊ नये. एकूण, जतन, तपासा अशी नावं टाळून 'पावती नंबर तयार करा' असं कामाचं नाव द्यावं.

दोन ट्रेटमध्ये एकाच नावाची मेथड आली तर मात्र पीएचपी गप्प बसत नाही, फेटल एरर देतं. तिथे इन्स्टेडऑफ लिहून कोणती घ्यायची ते सांगावं लागतं. नुसतं ॲज लिहून भागत नाही. ॲज दुसरं नाव देतं, मूळ नाव जागेवरच राहतं आणि भांडणही. प्रॉपर्टीचं याहून कडक आहे: ट्रेटमध्ये एक सुरुवातीची किंमत आणि त्याच नावाच्या प्रॉपर्टीला क्लासमध्ये दुसरी, हे चालत नाही. बदलती किंमत हवी असेल तर प्रॉपर्टीऐवजी मेथड ठेवावी.

ट्रेट हा टाइप नाही, हेही लक्षात राहू द्या. इन्स्टन्सऑफने (ऑब्जेक्ट कोणत्या प्रकारचा ते बघणाऱ्या तपासणीने) ट्रेट तपासता येत नाही, फंक्शनच्या पॅरामीटरला ट्रेटचं नाव दिलं तर कोणताच ऑब्जेक्ट त्यात बसत नाही. छापणाऱ्या फंक्शनला 'ज्याला नंबर आहे असं काहीही' घ्यायचं असेल तर जोडीला इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड असल्याच पाहिजेत याची यादी, लिहावा. इंटरफेस वचन देतो, ट्रेट ते पाळतं. क्लास-यूजेस हे फंक्शन वापरून शोधायला जाल तर ते फक्त त्या क्लासचीच ट्रेट सांगतं, पेरेंटची सांगत नाही.

जावात २०१४ पासून इंटरफेसच्या डिफॉल्ट मेथड आहेत, पण त्यात ऑब्जेक्टची स्वतःची फील्ड ठेवता येत नाहीत. पायथनचा मिक्सिन (मेथड जोडण्यासाठी लिहिलेला छोटा क्लास) खरं तर पेरेंटच असतो, त्यामुळे क्रम महत्त्वाचा, मिक्सिन डावीकडे लिहावा. पीएचपीचा प्रकार या दोघांहून समजायला सोपा आहे.

जुनं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेताना स्टॅटिक प्रॉपर्टी (एकेका ऑब्जेक्टची नाही, सगळ्या क्लासची मिळून एक असते ती) तपासा. ट्रेटमधल्या स्टॅटिक प्रॉपर्टीची प्रत्येक वापरणाऱ्या क्लासला वेगळी प्रत मिळते. पेरेंट आणि चाइल्ड दोघांनी तेच ट्रेट लावलं असेल तर ८.३ च्या आधी प्रत एकच असायची, ८.३ पासून दोन होतात. अशा प्रॉपर्टीत काउंटर ठेवलेला असेल तर तो मुकाट्याने बदलेल. ८.१ पासून ट्रेटच्या नावाने थेट स्टॅटिक मेथड बोलावणंही बाद ठरवलं आहे, क्लासच्या नावानेच बोलवावी. ट्रेटमध्ये कॉन्स्टंट ठेवायचे असतील तर किमान ८.२ लागतं.

चाचणीचं टूल असलेल्या पीएचपीयुनिटमधली, ट्रेटची नकली वस्तू बनवणारी गेट-मॉक-फॉर-ट्रेट ही मेथड १२ व्या आवृत्तीत काढून टाकली आहे. त्याऐवजी चाचणीतच एक अनामिक क्लास लिहून त्यात ट्रेट लावावं, खूण म्हणून तीन अक्षरं द्यावीत आणि पावतीची तारीख ३१ मार्च २०२५ व १ एप्रिल २०२५ ठेवून नंबर काढावेत. पहिल्यात २४२५ आणि दुसऱ्यात २५२६ आलं, लांबी १६ च्या आत राहिली, आणि शेवटची पावती रद्द करूनही तिचा नंबर पुन्हा आला नाही, की ते ट्रेट बाकीच्या क्लासना लावायला हरकत नाही.