कॉलेज रोडवरचं अमेरिका प्री-डिपार्चर सेशन: बाकी टाइमपास, वकील मॅडमसाठी मात्र जा

मुलगा ऑगस्टमध्ये एमएसला टेक्सासला चाललाय म्हणून कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीचं पेड सेशन केलं, नाव नाही टाकत. सुरुवातीला कुकर कुठला न्यायचा, फॉरेक्स कार्ड, सिमकार्ड, हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं राव, आणि एसी पण धड चालत नव्हता.

पैसे वसूल झाले ते शेवटच्या वकील मॅडममुळे. विषय गांजा आणि बंदूक. सगळ्या पालकांचा चेहरा असा की आमच्या पोराला हे कशाला सांगताय, तेवढ्यात मागून एकाने विचारलंच, "मॅडम पण तिकडे दुकानात बिल देऊन मिळतो ना?" त्या म्हणाल्या मिळतो की, न्यू मेक्सिकोत २१ वर्षांवरच्यांना कायदेशीर आहे, पण तिथली गांजाच्या अर्काची व्हेप पेन (ओढायची ई-सिगारेट) गाडीत टाकून शेजारच्या टेक्सासात आलास तर आत एक ग्रॅमपेक्षा कमी अर्क असला तरी फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, १८० दिवस ते २ वर्षं जेल. साधा गांजा दोन औंसांपर्यंत सापडला तर १८० दिवसांपर्यंत जेल नि २००० डॉलरपर्यंत दंड. "नाशिकची बाटली डिकीत टाकून सापुताऱ्याला जाता का बिनधास्त?" म्हटल्यावर सगळे हसले, पण डोक्यात बसलं.

खरा घोळ पुढेच आहे. राज्याने मोकळीक दिली तरी व्हिसा केंद्राच्या हातात, आणि तिथे राज्याचा कायदा दाखवून उपयोग नाही. एअरपोर्टवर ऑफिसरपुढे "हो, ओढलाय" एवढं कबूल केलं तरी, कुठलीही केस नसताना, एन्ट्री नाकारू शकतात. स्वतःपुरत्या ३० ग्रॅमपर्यंत गांजाच्या एकाच केसला डिपोर्टेशनमधून सूट आहे, पण दिवाळीला घरी येऊन परत जाताना ती कामाला येईलच असं नाही. (आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात एक किलोपर्यंत गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण', एक वर्षापर्यंत शिक्षा, हे ऐकून शेजारचे काका उगाच खूश झाले.)

बंदुकीचं तर मला काहीच माहीत नव्हतं. टेक्सासात २०२१ पासून परमिटशिवाय हँडगन बाळगता येते, पण एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्याला शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर केंद्राच्या कायद्याने बंदूक ठेवायलाच मनाई, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. म्हणजे रूममेटची बंदूक घेऊन रेंजवर रील काढणं पण अंगाशी येऊ शकतं. न्यू जर्सीत तर कुणाकडेही परमिट नसताना हँडगन सापडली तर ५ ते १० वर्षं!

एवढा महत्त्वाचा विषय आणि मॅडमना मधेच आवरतं घ्यायला लावलं, का तर बँकेचा लोनवाला बाहेर ताटकळत होता. स्लाइड मागितल्या तर "व्हॉट्सअपवर टाकतो", अजून आल्या नाहीत.

तीन स्टार, त्यातले अडीच मॅडमचे. जाणार असाल तर उशिरा गेलात तरी चालेल, फक्त खाली पार्किंग नाहीये आणि टोइंगवाले फिरत असतात.