टाकी उत्तम, 'शार्क' मात्र नका घेऊ (5 पैकी 3)

नागपुरात सीताबर्डीच्या गल्लीतलं माशांचं दुकान. नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही. टाकी, स्टँड, फिल्टर सगळं मानेवाड्यापर्यंत स्वतः आणून बसवून दिलं, वरचा एक पैसा घेतला नाही. दोन वर्षांत सिलिकॉनचा जोड थेंबभर पाझरला नाही. त्याचे पूर्ण मार्क.

घोळ झाला माशांत. लेकीला दोन इंची चंदेरी 'शार्क' आवडले. विचारलं, "वाढतात किती हे?"

"टेन्शन नका घेऊ ताई, टाकीएवढेच वाढतात."

60 रुपयाला एक, असे चार घेतले. टाकी दोन फुटी, पाणी जेमतेम 50 लिटर.

तो शार्क नव्हेच. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीकडचा पंगास, कॅटफिशच्या कुळातला. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बरेचदा हाच. नदीत मीटरभराच्या वर जातो. टाकीत कोंडला तर खुरटतो, त्यालाच दुकानदार 'टाकीएवढा' म्हणतात. आमचे चौघे दीड वर्षात वीतभर झाले. खाणं दुप्पट, घाण चौपट. दर तिसऱ्या दिवशी माझ्या हातात बादली. भित्रे इतके की ट्यूबलाइट लावली की काचेवर धडका. एकाचं तर नाक सोललं. टाकीतल्या छोट्या गप्पी रात्रीतून कमी व्हायच्या, आणि मांजर तर आमच्याकडे नाही.

मे महिन्यात पारा 45 वर गेला. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. त्यात लाइट गेली की पंप बंद, आणि चौघेही वर येऊन हवा गिळायचे. मी टाकीत बर्फाची बाटली सोडून पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची. सासूबाई म्हणाल्या, पोराला तरी एवढी हवा घातली होतीस का.

शेजारी म्हणाले, फुटाळ्यात सोडून द्या. परदेशातला मासा आपल्या तलावात कसा सोडायचा? शेवटी दुकानातच नेले. त्यानं निमूट परत घेतले, पैसे नाही दिले, मी मागितलेही नाहीत. मग लाल शेपटीचं एक गोंडस पिल्लू दाखवून म्हणाला, "हा न्या ताई, रेडटेल, एकटाच टाकी भरून टाकतो."

ॲमेझॉनचा कॅटफिश. तोही मीटरभराचा होणारा.

माझ्या आधी लेकच बोलली, "काका, खरं सांगा, केवढा होतो?"

दुकानदार हसला. आम्ही सहा झेब्रा डॅनियो, छोटेच राहणारे, घेऊन घरी आलो.